नव्या पैशाचा पहिला दिवस
(१ एप्रिल १९५७)

सन १९५७ च्या एप्रिल महिन्याची पहिली तारीख सोमवारी आली. चैत्र शुद्ध प्रतिपदाही त्याच दिवशी होती. घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंबाची पाने वाटली गेली, आणि त्याच सकाळी भारताच्या रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. ही तारीख पाडवा पाहून ठरविलेली नव्हती. सरकारी हिशेबाचे वर्ष एक एप्रिलला सुरू होते, म्हणून ती ठरली. पाडव्याचा योग आपोआप जुळून आला. त्याआधी अवघ्या दहा दिवसांपूर्वी, २२ मार्च रोजी, चैत्र १, शके १८७९ या तिथीपासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली होती. त्या गणनेप्रमाणे हा दिवस ११ चैत्र ठरतो. पंचांगाची प्रतिपदा, राष्ट्रीय दिनदर्शिकेची अकरावी आणि इंग्रजी महिन्याची पहिली, अशा तीन तारखा अंगावर घेऊन हा दिवस उगवला होता.

इतिहासाच्या पाठात राज्ये बदलतात, राजधान्या बदलतात. परंतु खेड्यातील मुलाला त्या बदलाचा स्पर्श सहसा जाणवत नाही. एक एप्रिलचा बदल मात्र प्रत्येकाच्या कनवटीपर्यंत गेला. त्या दिवशी तिसरी-चौथीच्या वर्गात असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी बहुतेक गावांत भेटते. यास्तव हा दिवस इतिहास आणि गणित या दोन्ही विषयांच्या तासाला घेता येण्यासारखा आहे. तो घेण्यापूर्वी त्या दिवशी काय बदलले आणि काय बदलले नाही, हे शिक्षकाने नीट समजून घेतले पाहिजे. ज्यांना ते त्या वेळी नीट समजले नाही त्यांचे काही पैसे गेले, आणि ज्यांचे गेले ते बहुधा एकेका पैशाची खरेदी करणारे होते.

जुना हिशेब असा होता. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. पै हे नाणे व्यवहारातून जवळजवळ गेले होते. तिचा वास वहीखात्यात आणि पोस्टाच्या दरात उरला होता. बाजारात चालत ती नाणी म्हणजे पैसा, अर्धा आणा, आणा, चवली, पावली, अधेली आणि रुपया. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसाही पुष्कळांजवळ होता. युद्धकाळात तांबे वाचावे म्हणून तो मध्ये भोक ठेवून पाडलेला होता, आणि लहान मुलाच्या करगोट्यात ओवलेला दिसे. १९५० नंतरच्या पैशावर घोडा होता, आण्यावर आणि चवलीवर बैल होता. निरक्षर माणूस ही नाणी चित्रावरून, आकारावरून आणि बोटाच्या स्पर्शावरून ओळखी.

सोळा ही संख्या जुन्या लोकांनी काही अडाणीपणाने धरलेली नव्हती. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोहोंचा एक. चार वेळा निम्मे केले तरी अपूर्णांक येत नाही. बाजारातील घासाघीस पूर्वीपासून निम्म्याने आणि पावाने चालत आली आहे: पाव शेर, अर्धा पाव, पाऊण, सव्वा, दीड. रुपया, शेर आणि मण हे सगळे या पद्धतीशी जुळते होते. शंभराचे तसे नाही. शंभराचे निम्मे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि तिसऱ्याच पायरीवर साडेबारा. एक एप्रिलला जी काही कटकट झाली तिचे मूळ या साडेबारात आहे, हे शिक्षकाने फळ्यावर दोन ओळींत दाखवावे. पुढचे सारे त्यावरून उलगडते.

मग शंभर कशासाठी घेतले? गुणाकारासाठी, टक्केवारीसाठी, व्याजासाठी. एक उदाहरण पुरे आहे. एका वस्तूची किंमत एक रुपया पाच आणे तीन पैसे असेल, तर सात वस्तूंची किंमत किती? जुन्या रीतीने सात त्रिक एकवीस पैसे, म्हणजे पाच आणे एक पैसा. सात पंचे पस्तीस आणे, त्यात हातचे पाच मिळवून चाळीस, म्हणजे दोन रुपये आठ आणे. सात रुपयांत ते दोन मिळवून नऊ. उत्तर नऊ रुपये आठ आणे एक पैसा. मुलाला दोन वेगळ्या संख्यांनी भागून दोन वेळा हातचे न्यावे लागतात, आणि चूक बहुधा तेथेच होते. नव्या रीतीने तीच किंमत १ रुपया ३६ नवे पैसे होते, आणि १३६ ला ७ ने गुणले की ९५२, म्हणजे ९ रुपये ५२ नवे पैसे. दोन्ही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली तर जुळतात. सिलोनात रुपयाचे शंभर सेंट १८७२ पासूनच होते. पाकिस्तानाने रुपयाचे शंभर पैसे १९६१ मध्ये केले. ज्या इंग्रजांनी आपल्याला पौंड, शिलिंग, पेन्स यांची गणिते शाळेत घातली, त्यांनी स्वतःच्या पौंडाचे शंभर भाग १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, आपल्यामागून जवळजवळ चौदा वर्षांनी केले.

भारतीय संसदेने नाण्यांच्या कायद्यातील दुरुस्ती १९५५ मध्येच मंजूर केली होती. तिचा अंमल १९५७ मध्ये सुरू झाला. रुपयाला या कायद्याने हात लावला नाही. रुपया, अधेली आणि पावली यांची किंमत अनुक्रमे १००, ५० आणि २५ नवे पैसे अशी बिनचूक बसत होती. अडचण होती ती पावलीच्या खालच्या नाण्यांची, म्हणजे नेमकी गरिबाच्या हातातल्या नाण्यांची. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे कोठून द्यावयाचे? म्हणून नियम असा केला की, हिशेब करून येणारा आकडा जवळच्या पूर्ण नव्या पैशावर आणावा, आणि अपूर्णांक बरोबर अर्धा असेल तर खालचा आकडा घ्यावा.

या नियमाने आण्यांचे कोष्टक तयार झाले: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५, पुढे ३१, ३७, ४४, ५०, पुढे ५६, ६२, ६९, ७५, आणि शेवटी ८१, ८७, ९४, १००. मुलांना हे पाठ करावयास लावू नये. त्यातील क्रम त्यांच्याकडून शोधून घ्यावा. दर चार आण्यांनी तेच चक्र फिरते. पहिल्या आण्यास पाव पैसा गळतो, दुसऱ्यास अर्धा गळतो, तिसऱ्यास पाव पैसा वाढतो, चौथ्यास हिशेब बरोबर बसतो. एवढे ध्यानात आले की सबंध कोष्टक मूल स्वतः मांडू शकते. आण्याच्या आतले कोष्टकही असेच मांडता येते: जुना एक पैसा म्हणजे २ नवे पैसे, दोन पैसे म्हणजे ३, तीन पैसे म्हणजे ५, चार पैसे म्हणजे ६.

येथे मुलांना एक प्रश्न विचारावा. जुना एक पैसा म्हणजे दोन नवे पैसे, तर जुने चार पैसे म्हणजे किती? पुष्कळ मुले आठ म्हणतील. कोष्टक सहा म्हणते. कोणाचे चुकले?

चुकले कोणाचेच नाही. फरक हिशेब कोठे पुरा केला यात आहे. जुना एक पैसा म्हणजे खरे पाहता दीड नव्या पैशाहून किंचित अधिक. तो एकटा मोजला तर दोनाकडे ढकलला जातो. चार एकत्र मोजले तर सव्वासहा होतात आणि सहावर येतात. कायद्याचे म्हणणे स्पष्ट होते की, रूपांतर प्रत्येक नाण्याचे किंवा प्रत्येक जिनसाचे वेगळे करावयाचे नाही. देण्याची एकूण रक्कम आधी करावयाची आणि मग एकदाच बदलावयाची. ही एक ओळ ज्याला कळली त्याचे काही गेले नाही.

समजा, एका मजूर बाईने दुकानातून पैशाचे मीठ, पैशाची मिरची, पैशाची हळद आणि पैशाची तंबाखू घेतली. एकत्र हिशेबाने देणे एक आणा, म्हणजे सहा नवे पैसे. दुकानदाराने एकेका पुडीचे दोन दोन धरले तर आठ. सहाच्या जागी आठ म्हणजे तिसरा हिस्सा अधिक. तेच जिन्नस शेराच्या मापाने नेणाऱ्या घरधन्याच्या बेरजेत हा फरक शोधूनही सापडला नसता, कारण रुपयाच्या हिशेबात तो कोठल्या कोठे विरघळतो. नियम दोघांना एकच होता; तोटा मात्र पुडीने खरेदी करणाऱ्याच्या वाट्याला गेला. दर वेळी दुकानदाराने फसविले असेही म्हणता येणार नाही. त्याच्या हातातही छापील कोष्टकच होते, आणि कोष्टकात पैशासमोर दोनच लिहिलेले होते.

दुकानदाराची बाजूही मुलांना दाखवावी. आण्याला एक याप्रमाणे तो सोळा वस्तू विकत असेल तर पूर्वी त्याला रुपया मिळे. आता सोळा गिऱ्हाइकांकडून सहा सहा नवे पैसे घेतले तर ९६ होतात. चार पैशांचा तोटा टाळावा तर त्याने सात घ्यावेत, आणि मग रुपयाच्या जागी एक रुपया बारा नवे पैसे त्याच्या गल्ल्यात येतात. सहा घ्यावे की सात, याचे उत्तर कायद्याने दिलेले नव्हते. जुनी रक्कम नव्या नाण्यांत कशी बदलावी, एवढेच कायदा सांगत होता. वस्तूचा भाव काय लावावा, हे तो सांगत नव्हता. रूपांतर आणि भाव या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या दिवशी त्यांची सरमिसळ झाली, आणि पुष्कळांना नाणे बदलल्यामुळेच महागाई आली असे वाटले.

हे वाटणे अगदीच निराधार नव्हते. धान्याचे भाव १९५५ च्या मध्यापासून चढत होते. परदेशी गहू आणण्यासाठी ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी करार झालेला होता, आणि जून १९५७ मध्ये भाववाढीची कारणे शोधण्यासाठी अशोक मेहता यांच्या अध्यक्षतेखाली अन्नधान्य चौकशी समिती नेमावी लागली. चढत्या भावाच्या दिवसांत नवे नाणे हाती आले की संशय नाण्यावर जातो.

रूपांतर आणि भाव यांतील भेद सर्वांत स्पष्ट दिसला तो पोस्टाच्या खिडकीवर. रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांनी पहिल्याच दिवसापासून नवे दर लावले. भारताचा नकाशा असलेली नव्या पैशांची तिकिटे त्याच दिवशी विक्रीस आली. पोस्टकार्ड पूर्वी नऊ पै, म्हणजे तीन पैशांना मिळे. त्याचे पाच नवे पैसे झाले. कोष्टकाशी हे जुळते. पाकिटाचा दर मात्र दोन आणे होता. दोन आण्यांचे कोष्टकाने बारा होतात; पोस्टाचा नवा दर तेरा ठरला. सरकारच्याच कोष्टकात बारा आणि सरकारच्याच खिडकीवर तेरा! यात नियमभंग नव्हता. साडेबाराच्या रूपांतराला खालचा आकडा घ्यावा असे कायदा म्हणतो; टपालाचा दर हे रूपांतर नसून नव्याने ठरविलेला भाव होता, आणि तो ठरविताना वरचा आकडा घेतला गेला. नियमात हे बसत असले तरी, कालपर्यंत एक चवली टाकून पाकीट घेणाऱ्या माणसाला आज ती चवली पुढे केल्यावर आणखी एक नवा पैसा मागितला गेला, आणि त्याच्याजवळ नवा पैसा बहुधा नव्हता. लवकरच हा दर पंधरा नवे पैसे झाला आणि बारा-तेराचा वाद मागे पडला.

ही खिडकी वर्गात उभी करावी. एका मुलाने पोस्टमास्तर व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाने पाकिटासाठी एक चवली आणि एक जुना पैसा दिला, तर त्याला परत किती मिळावेत? चवलीचे बारा आणि पैशाचे दोन असे वेगवेगळे धरले तरी चौदा, आणि नऊ जुने पैसे एकत्र धरले तरी चौदाच. तेरा वजा जाता एक नवा पैसा परत. मग पोस्टकार्डासाठी तीन जुने पैसे देऊन पाहावे. एकेक मोजले तर सहा होतात आणि गिऱ्हाईक एक पैसा परत मागतो; एकत्र मोजले तर पाच होतात आणि काही परत मिळत नाही. या ठिकाणी मुले आपसांत भांडतील. थोडा वेळ भांडू द्यावे.

मजुरीचा हिशेबही असाच आहे. रोज एक रुपया दोन आणे ठरले असतील तर नियमाने १ रुपया १२ नवे पैसे. अर्धा पैसा खाली गेला. रोजच्या रोज पैसे घेतले तर सहा दिवसांचे ६ रुपये ७२ नवे पैसे होतात. आठवड्याने एकदम घेतले तर सहा रुपये बारा आणे, म्हणजे ६ रुपये ७५ नवे पैसे. तीन पैशांचा फरक. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर रोजची चूल पेटते त्याला आठवडा थांबणे शक्य नसते, हेही मुलांना कळू द्यावे. तीन पैसे लहान दिसतात. पण पोस्टकार्डाची किंमत पाच पैसे असताना ते तीन होते.

नाण्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. सुरुवातीला एक, दोन, पाच आणि दहा नव्या पैशांची नाणी आली. एकाचे नाणे काशाचे, लहान व गोल. दोनाचे आणि दहाचे तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूचे, कडेला नागमोडी. पाचाचे चौकोनी, कोपरे गोल केलेले. आकार वेगवेगळे ठेवण्याचा हेतू चांगला होता. मात्र जुनी चवलीही चौकोनी आणि जुना आणाही नागमोडी कडेचा होता. पाच नव्या पैशांचे चौकोनी नाणे चवलीपेक्षा थोडे लहान आणि दहाचे नागमोडी नाणे आण्यापेक्षा थोडे मोठे. कित्येक वर्षे बोटांना झालेली सवय संध्याकाळच्या अंधुक उजेडात एका दिवसात सुटत नाही. बाराची चवली पाचाची म्हणून घेतली गेली, किंवा दहाचे नाणे आणा म्हणून दिले गेले, तर देणाऱ्याला ते घरी जाऊनच कळावयाचे. जुनी आणि नवी नाणी सुमारे तीन वर्षे बरोबरीने चालावीत अशी योजना असल्यामुळे हा गोंधळ एका दिवसापुरता नव्हता.

या नाण्यांवर एक ओळ अशी होती की जिचा उपयोग शिक्षकाला आजही होईल. एका पैशाच्या नाण्यावर ‘रुपये का सौवाँ भाग’, दोनाच्या नाण्यावर पन्नासावा, पाचाच्या नाण्यावर विसावा आणि दहाच्या नाण्यावर दहावा भाग, असे हिंदीत आणि देवनागरी लिपीत कोरलेले होते. अपूर्णांकाचा इतका स्वस्त तक्ता दुसरा नाही. गावात कोणाच्या घरी ही नाणी जपून ठेवलेली असतील तर ती एक तासापुरती मागून आणावीत आणि त्याच दिवशी परत पोचवावीत.

त्या दिवसांत बातम्या दुसऱ्याही होत्या. लोकसभेची दुसरी सार्वत्रिक निवडणूक नुकतीच झाली होती. मराठी, गुजराती आणि विदर्भ-मराठवाड्याचे प्रदेश एकत्र असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते, आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठे यश मिळविले होते. केरळात निवडणुकीतून साम्यवादी पक्षाचे सरकार येऊ घातले होते. ५ एप्रिल रोजी नंबुद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. नोव्हेंबर १९५६ पासून बंद पडलेला सुएझ कालवा मोकळा होण्याच्या बेतात होता. खेड्यात या बातम्या चावडीवर कोणी मोठ्याने वाचलेल्या वर्तमानपत्रातून, कोठे सामुदायिक रेडिओवरून पोचत. पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांच्या खेड्यांत आदल्याच वर्षी रेडिओ ऐकून चर्चा करणाऱ्या शेतकरी मंडळांचा प्रयोग झालेला होता. तरीही त्या सोमवारी ज्या गावाचा बाजार असेल तेथे सुएझपेक्षा आण्याचीच चर्चा अधिक झाली असेल, असे मानावयास हरकत नाही.

सावंतवाडीकडच्या सीमेपलीकडे निराळाच प्रकार होता. गोव्यात त्या वेळी पोर्तुगीजांची सत्ता होती आणि तेथील रुपियाही सोळा टांगांचा होता. एक एप्रिलपासून अलीकडे रुपयाचे शंभर भाग, पलीकडे सोळा. काही काळाने पोर्तुगीजांनी तेथे एस्कुडो आणला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर आपला शंभर पैशांचा रुपया तेथे पोचला.

शाळेपुरता या बदलाचा परिणाम कोणता झाला, हे पाहण्यासारखे आहे. त्या काळच्या अंकगणितात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांना पाढ्यांइतकाच मान होता. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या पुष्कळ शिक्षकांनी तो कधी ऐकलाही नसेल. रुपया, शेर आणि मण पावा-निमांत मोजले जात होते तोवर या पाढ्यांवर बाजारहाट चालत असे. रकमा लिहिण्याची रीतही त्याला साजेशी होती: पावासाठी उभी रेघ, आण्यासाठी आडवी. पैशाचे शंभर झाले, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आणि मीटर आले, आणि या पाढ्यांचा बाजारातील आधार निघून गेला. गणित सोपे झाले हे खरे. त्याबरोबर दीड, अडीच आणि साडेतीन यांची तोंडी पकडही सैल झाली, हेही खरे. आजचा मुलगा साडेतीन गुणिले आठ करावयास कागद घेतो. त्याचे आजोबा औट आठे अठ्ठावीस म्हणून पुढे जात. पावकी आणि दिडकी तरी वर्गात म्हणवून घेण्यास अभ्यासक्रमाची आडकाठी नाही.

आणखी एक उलट गोष्ट त्या दिवसांत घडली. घरातील हिशेब वडील माणसांनी करावयाचा आणि मुलांनी ऐकावयाचे, ही रीत होती. नवे कोष्टक मात्र शाळेत शिकविले जाऊ लागले आणि दशांश अपूर्णांक शिकलेला मुलगा ते सहज वापरू लागला. ज्या घरी मोठे कोणी शिकलेले नव्हते तेथे मजुरीचे आणि बाजाराचे पैसे ताडून पाहण्याचे काम दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे येणे स्वाभाविक होते. चार पुड्यांचे आठ झाले की सहा, हे सांगू शकणारे घरात कोणी असणे, म्हणजे दोन पैसे वाचणे. या गोष्टीची आठवण गावातील वृद्धांना विचारावी; वृद्ध स्त्रियांना अवश्य विचारावी, कारण पुडीची खरेदी त्यांची होती.

नव्या पैशाचे ‘नवेपण’ सात वर्षे टिकले. तोवर पुस्तकांवर आणि पाट्यांवर किंमत ‘न. पै.’ अशी लिहिली जाई. १ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळला आणि तो नुसता पैसा झाला. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालील नाणी कायदेशीर चलनातून गेली, म्हणजे ज्या पैशासाठी एवढी कोष्टके छापली गेली तो हाताला लागेनासा झाला. आणा त्याच्याही आधी गेला. पण बोलण्यातून गेला नाही. गोष्ट अजून सोळा आणे खरी असते, चार आण्यांच्या कोंबडीला अजून बारा आण्यांचा मसाला लागतो. पिकाचा सरकारी अंदाज आता पैसेवारीने निघतो आणि पन्नास पैशांच्या वर की खाली यावर गावाला टंचाईची सवलत मिळावयाची की नाही हे पूर्वी अवलंबून असे. तरी शेतकरी तिला आणेवारीच म्हणतो. वाटणीच्या जुन्या कागदांत ‘चार आणे हिस्सा’ असे लिहिलेले सापडते. वरच्या वर्गातील मुलांना असा एखादा कागद घरी पाहावयास मिळाला, तर त्या हिश्श्याचा अपूर्णांक आणि टक्केवारी त्यांच्याकडून काढून घ्यावी.

वृद्धांकडून माहिती गोळा करताना ‘तेव्हा स्वस्ताई होती का?’ असा प्रश्न विचारू नये. त्याला ‘होती’ हेच उत्तर मिळते आणि हाती काही लागत नाही. मीठ कितीचे घेत असत, एका वेळी किती घेत, पैसे रोज मिळत की आठवड्याने, नवे नाणे पहिल्यांदा कोणी दाखविले, बाजारात भांडण झाले होते काय, असे नेमके प्रश्न मुलांना लिहून द्यावेत. उत्तरात आण्यांत सांगितलेली किंमत आणि मजुरी दोन्ही असतील तर एका दिवसाच्या मजुरीत ती वस्तू किती येई, हे मुलांनी काढावे आणि आजच्या मजुरीत ती किती येते ते शेजारच्या रकान्यात मांडावे. एकाच वस्तूची किंमत दोन माणसांनी वेगवेगळी सांगितली तर दोन्ही उत्तरे, सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय आणि गाव यांसह, जशीच्या तशी वहीत ठेवावीत.